कनातीच्या दोन बाजू: परभणी जिल्ह्यातील पडदा, प्रेक्षक आणि लैंगिकता

गोदावरी आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यातील परभणी जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, 1956 मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. त्यामुळे येथील चित्रपट-प्रेक्षकाचा इतिहास हा मुंबई-पुण्याच्या इतिहासाची पुरवणी म्हणून लिहिता येत नाही. मनमाड-सिकंदराबाद हा लोहमार्ग 1900 मध्ये सुरू झाल्यापासून परभणी, सेलू, पूर्णा ही गावे बाहेरच्या करमणुकीशी जोडली गेली खरी, परंतु लोहमार्गापासून दूरच्या खेड्यांत चित्रपट पोहोचला तो टुरिंग टॉकीजच्या तंबूतून. दिवाळीनंतर कापूस विकून हातात पैसा आला, की पावसाळ्यापर्यंत जत्रांचा आणि उरुसांचा हंगाम चाले. परभणीत 2 फेब्रुवारीपासून भरणारा हजरत तुराबुल हक यांचा उरूस हा त्यांतला सर्वांत मोठा. अशा जत्रांत पाळणे, मिठाईची दुकाने आणि तमाशाची कनात यांच्या शेजारी सिनेमाचा तंबू उभा राहत असे.

चित्रपट पाहताना कोण, कोणाकडे आणि कोणत्या अधिकाराने पाहतो, या प्रश्नाला अभ्यासक प्रेक्षकत्व म्हणतात. ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी 1975 मध्ये ‘स्क्रीन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रामुख्याने हॉलिवूडच्या चित्रपटांच्या आधारे असे मांडले, की पडद्यावर पाहणारा पुरुष असतो आणि पाहिली जाते ती स्त्री. कॅमेरा, नायक आणि प्रेक्षक या तिघांची नजर एकच होते आणि अंधारात बसलेल्या माणसाला, आपण कोणाला दिसत नाही या खात्रीमुळे, चोरून पाहण्याचे सुख मिळते. स्त्री-पुरुषांतली सत्ता अशी नैसर्गिक वाटू लागणे, हेच विचारप्रणालीचे, म्हणजे समाजाने न बोलता मान्य केलेल्या समजुतींच्या व्यवस्थेचे, काम होय. ही मांडणी मोलाची आहे. पण तिने अंधारे, बंदिस्त आणि शांत सभागृह गृहीत धरले आहे. परभणीच्या जत्रेतला प्रेक्षक तसा कधीच नव्हता.

ग्रामीण महाराष्ट्रातील तंबूत लोक जमिनीवर, घरून आणलेल्या पोत्यावर किंवा घोंगडीवर बसत. एका अंगाला बायका आणि दुसऱ्या अंगाला पुरुष, मध्ये दोरी किंवा कापडाचा आडपडदा. रीळ बदलताना दिवे लागत, पोरे रडत, ओळखीच्या हाका होत, आणि कोणाची सून कोणत्या गाण्याला हसली हे दुसऱ्या दिवशी गावाला ठाऊक असे. पडद्यावरच्या स्त्रीकडे पाहणाऱ्या पुरुषावर दोरीपलीकडून त्याची आई, वहिनी, शेजारीण यांचे लक्ष असे. नजर येथे उघड्यावर होती, म्हणून ती स्वतःला आवरतही होती.

या प्रेक्षकाने पाहण्याचे पहिले धडे तमाशात घेतले होते. संगीत बारीत, म्हणजे लावणी-नृत्यावर भर असलेल्या तमाशात, प्रेक्षक दौलतजादा करतो, म्हणजे एखाद्या लावणीसाठी नर्तकीला पैसे देतो. ती पुढे येऊन ते घेते, देणाऱ्याचे नाव पुकारले जाते आणि त्याच्या डोळ्याला डोळा देऊन ती गाते. पाहणारा येथे स्वतःही सर्वांसमोर पाहिला जातो. या व्यवहाराला मुक्त म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल, कारण बोर्डावर उभी राहणारी स्त्री बहुधा कोल्हाटी, महार किंवा मांग समाजातली असे आणि तिच्या शरीरावर हक्क सांगणारा पाटील-देशमुख वरच्या जातीचा. लावणी कलावंतांविषयी लिहिताना समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी याच जातिव्यवस्थेवर बोट ठेवले आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास शेजारच्या मुंबई प्रांताच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी घातली आणि पुढे सुधारणेसाठी दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हाही त्या स्त्रीच्या पोटाचा प्रश्न मध्यमवर्गीय सभ्यतेच्या प्रश्नामागे पडला.

तमाशापटाने हा सारा व्यवहार कॅमेऱ्यात घेतला आणि त्यातील एक बाजू कापून टाकली. पडद्यावरची नर्तकी प्रेक्षकाकडे पाहते असे वाटते, पण तिला तो दिसत नाही. पैसा तिकिटाच्या खिडकीवरच संपतो. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (1972) या दृष्टीने बारकाईने पाहावा असा आहे, कारण त्याचे मूळ जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या ‘द ब्लू एंजल’ (1930) या जर्मन चित्रपटात आहे, आणि हॉलिवूडमध्ये मार्लीन डीट्रिच हिला घेऊन चित्रपट करणारा हाच स्टर्नबर्ग मल्व्ही यांच्या निबंधातला एक प्रमुख दाखला आहे. गावातून तमाशा हाकलू पाहणारा आदर्श मास्तर नर्तकीच्या मोहात पडतो, तमाशात हलकी कामे करत राहतो आणि अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून शिक्षा पत्करतो, का, तर गावाच्या मनातली मास्तरांची प्रतिमा अभंग राहावी. पाहणाऱ्या पुरुषाच्या अधःपाताचे कारण पाहिली जाणारी स्त्री ठरते, आणि प्रतिमेच्या पवित्रपणासाठी खऱ्या माणसाचा बळी जातो. प्रेक्षकाला लावणीचे सुख आणि त्या सुखाबद्दलची शिक्षा ही दोन्ही एकाच तिकिटात मिळतात.

त्याआधीचा अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (1959) वेगळ्या वाटेने जातो. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात 131 आठवडे चाललेल्या या चित्रपटात तमाशाच्या बोर्डावरूनच गावच्या पाटलाचे पाप उघड होते. पाहिली जाणारी स्त्री बोलू लागते आणि पाहणाऱ्याला मान खाली घालावी लागते. तमाशातील दौलतजादा पाहिलेल्या प्रेक्षकाला या प्रसंगाची धार वेगळी सांगावी लागत नव्हती.

दोरीच्या पलीकडल्या बायकांचा स्वतंत्र इतिहास लिहिला गेलेला नाही, ही मराठी चित्रपट-अभ्यासातली मोठी उणीव आहे. ‘जय संतोषी माँ’ (1975) पाहताना त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि पडद्यापुढे फुले-नाणी वाहिली, तर ‘माहेरची साडी’ (1991) पाहायला खेड्यापाड्यांतून बायका गाड्या करून आल्या आणि रडल्या. सोशिक सुनेचा हा चित्रपट पितृसत्तेचा प्रचार करतो, हे खरे आहे. तरीही ज्या बाईला घरात सासूसमोर रडता येत नव्हते, तिला शेजारणींच्या सोबतीने हक्काने रडण्याची जागा त्याने दिली, हेही तितकेच खरे आहे. अमेरिकन लेखिका बेल हुक्स यांनी 1992 मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांच्या विरोधी नजरेविषयी लिहिले, म्हणजे पडदा जे दाखवतो ते मान्य न करता पाहण्याविषयी; त्या हुंदक्यांत अशी नजर किती होती, हे शोधण्यासारखे आहे.

मल्व्ही यांची मांडणी ज्यावर उभी आहे तो अमेरिकन चित्रपट जिल्ह्याच्या गावांत आला तो फार उशिरा आणि ओळख बिघडलेल्या अवस्थेत. अमेरिकेत 1934 ते 1968 या काळात हॉलिवूडच्या स्वनियमनाच्या हेज संहितेने चुंबनापासून शयनगृहापर्यंत सारे बांधून ठेवले होते. भारतात मात्र 1952 च्या चित्रपट कायद्यात प्रौढांसाठीच्या ‘ए’ प्रमाणपत्राची तरतूद होती आणि छोट्या गावांच्या मॉर्निंग शोने त्या अक्षराचीच जाहिरात केली. बायकांची बाजू तेथे रिकामी असे. ऐंशीच्या दशकातील व्हिडिओ पार्लरने ती बाजू काढूनच टाकली, आणि 1994 मध्ये ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीत आला तेव्हा कुठे अमेरिकन चित्रपट सहकुटुंब पाहण्याची गोष्ट ठरला.

आता तंबू विरळ झाले आहेत आणि चित्रपट मोबाइलवर आला आहे. एकटा, अंधारात, कोणाला न दिसणारा जो प्रेक्षक मल्व्ही यांनी 1975 मध्ये गृहीत धरला, तो जिल्ह्यातल्या पाथरी-गंगाखेडच्या घरांत खऱ्या अर्थाने आत्ता तयार होत आहे. मात्र तो मोबाइल घरात कोणाच्या मालकीचा, त्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक आणि सुनेच्या हातात तो किती वेळ राहतो, यावर पाहण्याचा अधिकार पुन्हा ठरू लागला आहे.