मिरगाचं वाहन आणि माझी रास

जूनच्या पहिल्या आठवड्यात ढाणकीतल्या एखाद्या कृषी केंद्रात थोडा वेळ बसावं. कपाशीच्या पाकिटांचा भाव, सोयाबीनची कुठली जात उगवायला खात्रीची, डीएपी आलं की नाही, ही बोलणी चाललेलीच असतात. त्याच ओघात कुणीतरी विचारतं, "औंदा मिरगाचं वाहन काय हाय?" दुकानदार भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवतो आणि सांगतो, "उंदीर." एकजण हसतो, दुसरा "मग काई खरं नाही" म्हणतो, आणि बियाण्याची पावती फाडली जाते. उंदीर निघाला म्हणून कुणी बियाणं परत केल्याचं मी ऐकलेलं नाही. मग लोक विचारतात कशासाठी?

उमरखेड तालुक्यातलं हे गाव. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. कापूस, सोयाबीन, तूर, पाणी असेल त्याची हळद. बहुतेक शेती आभाळावर. पेरणी दोन दिवस आधी साधली की वर्ष तरतं आणि पाऊस पाठ फिरवून गेला की दुबार पेरणी. असा निर्णय एकट्याच्या डोक्यावर घेणं जड जातं. निर्णयाचं ओझं वाटून घ्यायला माणसाला कुणीतरी लागतं. हा वाटेकरी पिढ्यान्‌पिढ्या कोण होता आणि आज कोण आहे, याचा हा मागोवा. तो खरं सांगत होता की खोटं, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याचं सांगणं चुकलं तर त्याचं स्वतःचं काय जात होतं, हे मला अधिक विचारावंसं वाटतं.

आधी त्या उंदराचं पाहू. सूर्य मृग नक्षत्रात जातो तो दिवस साधारण ७ किंवा ८ जून. त्या दिवशी चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते पंचांगात बघायचं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि येणाऱ्या आकड्याला नऊने भागायचं. चंद्र मघात असला तर मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा असे सहा. बाकी सहा, म्हणजे उंदीर. एक उरला तर घोडा, पुढे कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर. उंदरानंतर म्हैस, गाढव. आणि काहीच उरलं नाही तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती निघाले की लोक खूश, कारण ही पाण्यात रमणारी जनावरं. कोल्हा-मेंढा आला की चेहरे उतरतात. गणित एवढंच. यात ना ढग, ना वारा, ना समुद्र. शिवाय त्या दिवशीचा चंद्र सगळ्यांना एकच असल्यामुळे कोकणात कोसळणाऱ्या पावसाला आणि माणदेशात न पडणाऱ्या पावसाला एकाच वर्षी एकच उंदीर. शास्त्र म्हणून हे टिकत नाही, हे सांगायला कुणा शास्त्रज्ञाची गरज नाही. दुकानातला हसणारा माणूस ते जाणून असतो.

तरी त्या उंदरात एक गोष्ट आहे जी आजच्या राशिभविष्यात नाही. तो सगळ्या शिवाराचा आहे. पाटलाचं वाहन हत्ती आणि सालगड्याचं गाढव, असं होत नाही.

भविष्याच्या या दोन वाटा फार जुन्या आहेत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं त्या दोन वेगळ्या ग्रंथांत मांडल्या. 'बृहत्संहिता' ही मुलखाची: पाऊस, पीक, धान्याचे भाव, भूकंप, राजा, शकुन. 'बृहज्जातक' हे जन्मलेल्या एकट्या माणसाचं. जातकाची ही वाट ग्रीकांच्या संपर्कातून आली. वराहमिहिर यवनांचं हे ऋण मोकळेपणानं मान्य करतो आणि ग्रीक संज्ञाही तशाच वापरतो. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या ग्रंथात नक्षत्रांची जुनी देशी परंपरा आणि नंतर आलेल्या राशी यांचा जो निवाडा केला आहे, तो मराठीतल्या मोठ्या संशोधनांपैकी एक. आज 'आपली रास' म्हणून जी छातीशी धरली जाते, ती या देशात नक्षत्रांच्या मानानं पाहुणी आहे.

पण पत्रिका मांडायची तर जन्माची वेळ हवी, ग्रहांची स्थानं काढता यायला हवीत. हे राजाला आणि सावकाराला परवडायचं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञानं १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' लिहून ज्या-कोटिज्यांच्या कटकटीशिवाय ग्रहगणित करण्याची सोय केली आणि पुढची तीन-साडेतीनशे वर्षं दख्खनचं पंचांग त्यावर चाललं. गावोगावच्या जोश्याला पाटी आणि चार कोष्टकं पुरेशी झाली.

हा ग्रामजोशी म्हणजे पाव्हणा नव्हे, गावगाड्यातला वतनदार. पाडव्याला देवळात किंवा चावडीत पंचांग वाचायचं, संवत्सराचं फल सांगायचं, पेरणीचा आणि लग्नाचा मुहूर्त काढायचा, पोराचं नाव ठेवायचं. बदल्यात खळ्यावर बलुतं. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा' (१९१५) मध्ये ही सगळी देवघेव बारकाव्यानं आली आहे. बलुतं पिकातून मिळायचं. जोश्यानं सांगितलेल्या मुहूर्तावर पेरलं आणि पीक गेलं, तर त्याच्याही पदरात कमी पडायचं. पुन्हा दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर, त्याच पारावर गाठ. भाकीत करणारा स्वतः त्या भाकिताचा वाटेकरी होता.

याचं गोड चित्र रंगवायचं कारण नाही. महात्मा फुल्यांनी १८५५ मध्ये लिहिलेल्या 'तृतीय रत्न' नाटकाची सुरुवातच एका जोश्यापासून होते. तो कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांचं भय घालतो आणि शांतीच्या नावाखाली त्या घराला खर्चात बुडवतो. फुल्यांची नजर नेमक्या जागी पडली होती. पिकाच्या भाकितात जोशी वाटेकरी असेल, पण एकट्या माणसाच्या भयात तो फक्त वसुली करणारा होता. पाऊस चुकला तर गाव बघतं. गर्भातल्या मुलावरचं संकट 'टळलं' याची तपासणी कोण करणार? सार्वजनिक भाकिताला चव्हाटा असतो, खाजगी भाकिताला नसतो. सत्यशोधकांनी जोश्याविना लग्नं लावायला सुरुवात केली तेव्हा हक्काच्या दक्षिणेवरून खटले उभे राहिले, आणि ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांचा वाद तर मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. न केलेल्या कामाची दक्षिणा वतन म्हणून मागण्याला मुंबई प्रांतात कायद्यानं आळा बसायला १९२६ साल उजाडलं.

जोश्याच्या अंगणात ज्यांना पायरीच नव्हती, त्यांच्याकडे दुसरी माणसं येत. पहाटे कंदील आणि घोंगडं घेऊन पिंगळा, कुडबुडं वाजवत कुडमुडे जोशी, मान डोलावणारा नंदीबैल. सहदेव-भाडळीच्या पाऊसपाण्याच्या उक्त्या यांच्याच तोंडी जास्त. गावात शिरण्याआधी पाणवठ्यावरच्या पोरांकडून निम्मी माहिती काढून घ्यायची, मग दारात उभं राहून "बाई, तुझ्या मनात एक गोष्ट सलते" म्हणायचं, ही त्यांची हातोटी. कुणाच्या मनात काही सलत नाही? त्यांना मिळायचं ते सूपभर जोंधळे. आज राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत जोशी, बुडबुडकी, सरोदे, मेंढंगी ही नावं एकत्र आहेत: दुसऱ्याचं भाग्य सांगत फिरणाऱ्यांच्या वाट्याला स्वतःच्या नावाचा सातबारा फार क्वचित आला.

आणि तिसरी वाट पंचांगाशिवायची. नवरात्रात किंवा मंगळवारी एखाद्या बाईच्या अंगात येतं, केस मोकळे सुटतात आणि समोर बसलेली विचारते, "पोरगं परत येईल का?" आजकाल ज्याला अंतर्ज्ञान म्हणून सुंदर वेष्टन घातलं जातं, त्याचं हे गावाकडचं रूप. यात एक गोष्ट मला कायम लक्षणीय वाटत आली आहे: एरवी घरात जिचं कुणी ऐकत नाही, तिचं त्या अर्ध्या तासात सासराही हात जोडून ऐकतो. दारूबद्दल, मारहाणीबद्दल, जावेच्या वाटणीबद्दल देवीच्या तोंडून बोलता येतं. तेही शेजारीपाजारी सगळ्यांच्या समोर. ही सोय आहे, तसाच धोकाही: तापलेलं पोर दवाखान्यात न्यायच्या वेळी देव्हाऱ्यासमोर बसवलं की जीव जातो.

मग छापखाना आला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापायला घेतलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला शिवेनात, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, असं 'मुंबईचे वर्णन' लिहिणाऱ्या गोविंद नारायण माडगांवकरांनी नोंदवून ठेवलं आहे. तूप चाललं आणि पंचांग घराघरात गेलं. जोश्याच्या पाटीवरचं गणित पैसे देऊन विकत मिळू लागलं. त्याची चूक काढणारेही तयार झाले. केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६५ पासून पटवर्धनी पंचांगात आकाशाशी जुळणारं गणित आणलं. टिळकांनी तोच धागा पुढे नेला. १९०४ ची मुंबईची आणि १९२० ची सांगलीची ज्योतिष परिषद या भांडणाच्याच. ग्रहणाची वेळ पंचांगात एक आणि आभाळात दुसरी, हे त्यांना सहन होत नव्हतं. पंचांगाचं गणित दुरुस्त झालं. त्यावर उभं केलेलं फल मात्र कुणी तपासायला घेतलं नाही.

१९७३ साली जयंतराव साळगांवकरांचं 'कालनिर्णय' निघालं आणि पंचांग खुंटीवरून भिंतीवर आलं. पुढच्या बाजूला तिथी-वार-वाहनं, मागच्या बाजूला पाककृती आणि राशी. एकाच कागदाची पुढची बाजू सगळ्यांची आणि पाठची बाजू 'माझी'. गंमत अशी की वर्तमानपत्रातल्या राशिभविष्याची वाट काशीहून नव्हे, लंडनहून आली: १९३० साली राजकन्या मार्गारेटच्या जन्मानिमित्त 'संडे एक्सप्रेस'नं आर. एच. नेलरकडून तिचं भविष्य लिहवून घेतलं, ते गाजलं आणि सदर सुरू झालं. आपण त्यात सूर्याऐवजी चंद्राची रास घातली, एवढंच. बारा परिच्छेद, रविवारी सकाळी, चहाबरोबर. लिहिणारा कोण, वाचणारा कोण, दोघांची गाठ पडायची नाही.

तपासणी झाली ती फार उशिरा. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकरांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्या साथीनं एक साधी चाचणी घेतली. दोनशे पत्रिका जमवल्या, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या, आणि कुठली कोणाची ते ज्योतिषांना ओळखायला सांगितलं. प्रत्येकाला चाळीस पत्रिका. २७ जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. एका संस्थेनं दोनशेच्या दोनशे तपासल्या, त्यात १०२ जुळल्या. रुपया उडवला असता तरी एवढंच निघालं असतं.

या निकालानं ढाणकीत काही हललं नाही, आणि पुण्यातही नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा दाभोलकरांच्या खुनानंतर झाला, पण त्याच्या १२ व्या कलमात काही गोष्टी मोकळ्या सोडल्या आहेत: वास्तुशास्त्राचा सल्ला, जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले ज्योतिषी, आणि जमिनीखालचं पाणी दाखवणारे. कायदा लिहिणाऱ्यांच्या ध्यानात असेल-नसेल, पण ही यादी वराहमिहिराच्या पोथीतून उचलल्यासारखी आहे. 'बृहत्संहिते'त पाणी शोधण्यावर 'दकार्गल' नावाचा अख्खा अध्याय आहे: कुठलं झाड, त्याच्या कुठल्या अंगाला वारूळ, मातीचा रंग कोणता, मग किती खोलीवर झरा.

आज मोबाईलमध्ये ॲप आहे. मिनिटावर पैसे, पहिली पाच मिनिटं फुकट. बोलणारा कुठल्या राज्यात बसलाय ते कळत नाही. त्यानं सांगितलेल्या महिन्यात नोकरी लागली नाही, तर जायचं कुणाकडे? पावसासाठी निदान परभणीकडचे पंजाबराव डख आहेत. अंदाज चुकला तर लोक त्यांना नावानिशी धारेवर धरतात, आणि बरोबर आला की हारही घालतात. शेतकऱ्याला नाव-गाव असलेला माणूस हवा असतो, हे यातून दिसतं. कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणून दरसाल सांगतो. सल्ला उत्तम आहे, पण सांगणाऱ्याला चेहरा नाही.

जुन्या तऱ्हेचा वाटेकरी आता मला फक्त पाणाड्यात सापडतो. उन्हाळ्यात या भागात बोअर घ्यायचा तर आधी त्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ आडवा धरून बांधाबांधानं चालतो, नारळ उभा राहिला की टाचेनं खूण करतो. नारळाला पाणी कळतं यावर माझा विश्वास नाही. पण आयुष्यभर या काळ्या पाषाणावर फिरलेल्या माणसाला बाभूळ, उंबर आणि नाल्याचं वळण कळत असावं. शिवाय यांतले काही जण आधी नारळ आणि चहापुरते पैसे घेतात, उरलेले पाणी लागल्यावर. कोरडा गेला तर पुढचा बोअर सांगायला त्याला कुणी बोलवत नाही, आणि हे त्याला माहीत असतं. बोअरच्या गाडीचा हिशेब वेगळा: तिचं बिल फुटावर असतं, खाली पाणी लागो की नुसती भुकटी उडो.