छायाचित्रात नसलेली रेषा

१४ एप्रिल जवळ आला की गोंदियापासून मुंबईपर्यंत बाजारांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लाकडी प्रतिमा दिसू लागतात. एमडीएफच्या पातळ फळीतून लेझरने कापून काढलेल्या, मागची भिंत दिसेल अशा जाळीदार. मूळ आधार अर्थातच एखादे छायाचित्र. त्या छायाचित्रातून लाकूड कापण्याजोगी रेषा कशी मिळवायची, हा आज संगणकाचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याच्या इतिहासाची दोन टोके महाराष्ट्रात सापडतात.

अडचण अशी की छायाचित्रात रेषाच नसते. असतात त्या केवळ छटा. गालाकडून कानाकडे जाताना उजेड हळूहळू मावळतो. गाल नेमका कोठे संपला, हे कागद सांगत नाही. चित्रकार तेथे रेषा ओढतो तेव्हा तो त्याचा निर्णय असतो. छपाईच्या दगडाला मात्र मधली छटा कळत नाही: शाई धरली जाते किंवा धरली जात नाही. कापणाऱ्या लेझरचेही तसेच. लाकूड तुटते किंवा उरते.

१८५५ साली फ्रान्समध्ये अल्फाँस प्वातव्हाँ याने बायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनचा गुण वापरून छायाचित्र थेट दगडावर उतरवले. प्रकाश पडला की हे मिश्रण कडक होते आणि शाई धरते. इंग्लंडच्या ऑर्डनन्स सर्व्हेने १८६० च्या सुमारास हीच युक्ती जस्ताच्या पत्र्यावर वापरली आणि तिला फोटोझिंकोग्राफी हे नाव दिले. ही पद्धत भारतातही नकाशांसाठी आली. पुण्यातील सरकारी फोटोझिंको छापखान्याच्या नावात ती आजही टिकून आहे. तिची एक अट कडक होती. मूळ नकाशा पांढऱ्या कागदावर गडद काळ्या रेषांनीच काढलेला हवा. पातळ रंगाचा हात फिरवलेला डोंगर पत्र्यावर नीट उतरत नसे. म्हणून कॅमेऱ्यासमोर जाण्यापूर्वीच माणसाला सगळ्या छटांचे रेषांत भाषांतर करावे लागे.

चित्रांच्या बाबतीत हे भाषांतर अधिक नाजूक होते. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. ते दगड एकमेकांशी जुळावेत म्हणून आधी मूळ चित्राची बाह्यरेषा काढून घ्यावी लागे: साडीचा काठ कोठे संपतो, सावलीची कड कोठे धरायची. या छापखान्यासाठी फोटो-लिथोचे काम करणाऱ्यांत धुंडिराज गोविंद फाळके होते. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याआधी फाळक्यांनी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण आणि छपाईच्या प्रक्रिया आत्मसात केल्या होत्या आणि लोणावळ्यास स्वतःचा छापखाना काढला होता. चित्रपटाच्या इतिहासात हा भाग एखाद्या ओळीत उरकला जातो. वास्तविक छटेचे रेषेत आणि ठिपक्यांत रूपांतर करण्यात त्या माणसाची उमेदीची वर्षे गेली.

गोंदियाच्या वाट्याला या कलेचे एक अगदी लहान रूप आले: विडीच्या कट्ट्यावरचे लेबल. भोवतालच्या जंगलांतील तेंदूपान आणि हाताशी आलेली रेल्वे यांवर येथील विडी व्यवसाय उभा राहिला. गिऱ्हाईक पुष्कळदा निरक्षर असे. ते विडी ओळखे ती चित्रावरून, आणि या धंद्यात ते चित्र अनेकदा संस्थापकाच्या चेहऱ्याचे असे. स्टुडिओत काढलेले छायाचित्र काडेपेटीएवढ्या कागदावर, स्वस्त शाईत, लक्षावधी वेळा छापूनही ओळखू यायला हवे. मग कारागीर काय ठेवत असे? टोपी किंवा फेटा, मिशी, भुवया, कोटाची कड. गालावरचे, कपाळावरचे सारे वय पुसले जाई. वर्षानुवर्षे त्या विड्या वळणाऱ्या स्त्रियांचे चेहरे मात्र लेबलावर क्वचितच आले.

संगणकाने यात भर घातली ती वक्राच्या गणिताची. सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीत पॉल द कास्तेल्जो आणि रेनॉमध्ये पिएर बेझिए यांनी १९५९ नंतरच्या काही वर्षांत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गाडीच्या पत्र्याचा बाक मोजक्या बिंदूंनी बांधण्याची रीत बसवली. दोन टोके आणि त्यांना ओढून धरणारे दोन बिंदू एवढ्यावर एक वक्र ठरतो. हाच वक्र १९८७ च्या इलस्ट्रेटरमध्ये आणि १९८९ च्या कोरलड्रॉमध्ये आला. महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांत लग्नपत्रिका आणि फलक करणाऱ्यांच्या हाती तो पोचला तो प्रामुख्याने कोरलड्रॉमुळे.

आता छायाचित्र देऊन कळ दाबली की आपोआप बाह्यरेषा मिळते. आत घडते ते असे: आधी एक उंबरठा ठरतो. त्याहून गडद ते काळे, फिके ते पांढरे. हा उंबरठा यंत्रानेच शोधावा अशी रीत नोबुयुकी ओत्सु या जपानी संशोधकाने १९७९ साली मांडली. मग काळ्या डागाची कड शोधली जाते आणि तिच्यावर वक्र बसवले जातात. पीटर सेलिंजर यांचा २००१ चा पोट्रेस हा प्रोग्रॅम हे काम करतो. यंत्राला कड सापडते ती उजेडाची. नाकाची आणि ओठांची त्याला ओळख नसते. डावीकडून प्रकाश असलेल्या छायाचित्रात अर्धा चेहरा काळ्या डागात विरून जातो. दुसरी गफलत नवशिक्यांना हटकून भेटते. कागदावरच्या जाड रेषेला दोन कडा असतात, म्हणून यंत्र एका रेषेच्या दोन रेषा करते आणि लेझर दोन्हींवरून फिरतो.

कापण्याची अट छपाईहूनही कठोर आहे. छपाईत पांढऱ्या चेहऱ्यात काळा डोळा निश्चिंत बसतो. चेहऱ्याचा उजळ भाग लाकडातून कापून टाकला, तर आतला डोळा बेटासारखा एकटा पडतो आणि गळून जातो. त्याला काठाशी जोडणारा पूल ठेवावा लागतो. आंबेडकरांच्या प्रतिमा इतक्या सुबक निघतात याचे एक कारण येथे दडले आहे. चष्म्याची चौकट दोन्ही डोळ्यांना सांधते आणि तिच्या काड्या थेट कानापर्यंत जातात. पूल चेहऱ्यातच आहे. तो बाहेरून आणावा लागत नाही.

आणि जो किरण हे लाकूड कापतो, तो बहुधा कार्बन डायऑक्साइड लेझरचा असतो. त्याची अवरक्त तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, जी लाकूड सहज शोषून घेते. हा लेझर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी. कुमार एन. पटेल यांनी साकारला. त्यांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा. अभियांत्रिकीची पदवी पुण्याची. मळवलीचा दगड आणि बारामतीच्या माणसाचा किरण, दोन्ही टोके पुणे जिल्ह्यातच सापडावीत हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाची खरी चिंता मात्र कापून झाल्यावर सुरू होते. १९५४ साली आंबेडकरांनी भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढवली. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्याचाच भाग होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्या निवडणुकीत काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले. तेव्हा आंबेडकर त्रेसष्ट वर्षांचे होते आणि प्रकृती खालावलेली होती. गोलमेज परिषदेच्या काळातील आंबेडकर आणि हे आंबेडकर यांच्यातला दोन तपांचा फरक छायाचित्रांत स्पष्ट दिसतो. दोन छटांच्या बाह्यरेषेत तो जवळजवळ नाहीसा होतो. उरतो चष्मा, कपाळ, कोटाची कॉलर. साल उरत नाही, गाव उरत नाही, छायाचित्रकार उरत नाही.

विडीच्या लेबलाचे नशीब या बाबतीत बरे. १९४० च्या व्यापारचिन्ह कायद्यानंतर ज्याने लेबल नोंदवले, त्याच्या चित्राला अर्जाची तारीख, नोंदणी क्रमांक आणि मालकाचे नाव मिळाले. चेहऱ्यावरून वय पुसले गेले तरी ते चित्र केव्हाचे, याचा माग सरकारी दप्तरात लागू शकतो. लेझरसाठीची फाइल मात्र एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर जाते, मध्येच कोणी पूल जाड करतो, कोणी भुवई सरळ करतो, आणि कापलेल्या प्रतिमेचे छायाचित्र काढून त्यावरून पुन्हा नवी बाह्यरेषा काढली जाते. मूळ छायाचित्र कोणते होते, हे तिसऱ्या प्रतीपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. फाइलच्या नावात ‘फायनल २’ असते.