चार कलमांचा कायदा

मुंबईला धोबीतलावच्या चौकात, मेट्रो सिनेमासमोर एका डॉक्टरांचा पुतळा आहे. तारवटी, शेफ, वाजंत्री असे किती गोंयकार आजवर त्याच्या बाजूने गेले असतील! याच परिसरात आपल्या लोकांचे कूड होते. जहाज मिळेपर्यंत माणसे तिथे राहायची. पण हा पुतळा बार्देशातल्या हडफड्याच्या माणसाचा आहे, हे त्यातल्या कितीजणांना ठाऊक होते कोण जाणे.

डॉ. आकासियो गाब्रिएल व्हियेगस हे त्यांचे नाव. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात माणसे तापाने फणफणून आणि जांघेत गाठी येऊन मरू लागली होती. हा ग्रंथिक सन्निपात म्हणजेच प्लेग आहे, असे निदान व्हियेगसांनी केले आणि म्युनिसिपालिटीच्या स्थायी समितीचे सभासद या नात्याने ते समितीपुढे उघडपणे मांडले. सरकारी गोटाला तो शब्द पचवणे कठीण गेले. मुंबई हे साम्राज्याचे मोठे बंदर. 'प्लेग' म्हटले की परदेशी बंदरे मुंबईची जहाजे अडवणार, कापूस गोदीत पडून राहणार. त्यामुळे पहिला वाद झाला तो औषधावरून नव्हे, तर नावावरून. रोगाला रोगाच्या नावाने हाक मारायची की नाही? अखेर तज्ज्ञ बोलावून खात्री करून घ्यावी लागली. व्हियेगस बरोबर होते.

हे सगळे आज उकरून काढायचे कारण कोविड. २०२० च्या मार्चमध्ये ज्या कायद्याचे नाव आपण घरबसल्या टीव्हीवर ऐकले, तो साथरोग कायदा याच प्लेगच्या पोटी जन्मला. आणि त्या कायद्यावरून पुण्या-मुंबईत जो वाद झाला, तो मला तरी संपलेला वाटत नाही.

आधी कायद्याची जन्मकथा पाहू. नाव मान्य झाल्यावर सरकारने एकदम दुसरे टोक गाठले. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईच्या म्युनिसिपल कमिशनरने रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचा हुकूम काढला. लोक बिथरले. आर्थर रोडच्या इस्पितळात माणसे मारून त्यांची मोमियाई काढतात, अशी अफवा उठली आणि महिनाअखेरीस गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने इस्पितळावरच हल्ला केला. (हसू नका. इस्पितळवाले पैशांसाठी खोटे कोविड रुग्ण दाखवतात, हा संदेश २०२० साली शिकल्या-सवरलेल्यांच्या मोबाइलवरूनच फिरत होता.) फेब्रुवारी १८९७ पर्यंत साडेआठ लाखांच्या मुंबईतून पावणेचार लाखांवर माणसे पळाली होती. गिरण्या, बंदर, बाजार सगळे ओस पडले.

तिकडे युरोपात प्लेगच्या बंदोबस्तासाठी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरत होती. हिंदुस्थान सरकार काही करत नाही असे दिसले असते तर व्यापारावर बंदी आली असती. कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विधेयक मांडले गेले आणि आठवड्याभरात, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, मंजूरही झाले. कायदा अवघ्या चार कलमांचा. पहिले कलम नावाचे. दुसऱ्याने सरकारला साथीच्या काळात हवे ते नियम करण्याची मुभा दिली. नियम मोडणाऱ्यास शिक्षा तिसऱ्याने ठरवली. आणि चौथे कलम असे, की या कायद्याखाली सद्हेतूने काहीही करणाऱ्यावर कोणालाही दावा लावता येणार नाही.

पुन्हा एकदा वाचा. सरकार काय करू शकते ते आहे. लोकांनी ऐकले नाही तर काय ते आहे. सरकारने काय केलेच पाहिजे, हे मात्र कुठेच नाही. रोग्याला खाट, औषध, अन्न, मेल्यावर इभ्रतीने क्रियाकर्म, यातले एक अक्षर नाही.

या कायद्याचा पुण्यात कसा वापर झाला ते शाळेच्या पुस्तकात आहे, पण तिथे पिस्तुलाचा आवाज एवढा मोठा आहे की बाकीचे ऐकू येत नाही. वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग कमिटीचा अध्यक्ष झाला. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरल्या. देवघरात, माजघरात बूट घालून गेल्या. बायकांची तपासणी उघड्यावर झाली, अंथरुणे जाळली गेली, एकाला ताप आला की सगळे घर छावणीत. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला गेला.

त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांतला वाद मला जास्त मोलाचा वाटतो. टिळकांचीच भूमिका घ्या. त्यांनी प्लेगचा बंदोबस्त नकोच, असे म्हटले नव्हते. रोगी वेगळा ठेवावा, घरे स्वच्छ करावीत, हे त्यांना मान्य होते. त्यांनी पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभारायला मदत केली, स्वतः शहर सोडले नाही आणि जी पुढारी मंडळी गाठोडी बांधून निघून गेली त्यांना 'केसरी'तून झोडपले. त्यांचा आक्षेप पद्धतीला होता. हे काम पलटणीचे का? तक्रार केली तर ऐकणार कोण? अर्ज जात होते, ते ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच टेबलावर पोचत होते. चौथ्या कलमाने कोर्टाचे दार आधीच लावून टाकलेले.

त्याच काळात दुसरेही एक पुणे होते, तेही विसरू नये. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रोग्यांची शुश्रूषा करत होते. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. सोजिरांची घरझडती तेव्हा सुरूही झाली नव्हती.

आणि मग गोखल्यांचे प्रकरण. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याहून पत्रे येत होती. सोजिरांनी दोन बायकांवर अत्याचार केले, त्यातल्या एकीने जीव दिला, असे त्यांत होते. गोखल्यांनी हे तिथल्या 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितले. पार्लमेंटपर्यंत गदारोळ झाला. सरकार म्हणाले, पुरावा दाखवा. गोखले परत आले तोवर रँडच्या खुनानंतरची धरपकड चालू होती. पत्रे लिहिणारे साक्षीला उभे राहायला तयार नव्हते आणि गोखल्यांनी त्यांची नावे फोडली नाहीत. ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. पुढे कित्येक वर्षे 'माफी मागणारे' म्हणून त्यांची हेटाळणी झाली. मला ती फार अन्यायाची वाटते. पुरावा ज्याच्या हाती असतो त्यानेच तो मागायचा आणि नाही मिळाला की घटना घडलीच नाही म्हणायचे, या डावात एकटा माणूस काय करणार? पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या मुलीबाळींच्या हालांविषयी पंडिता रमाबाईंनीही वर्तमानपत्रात जाहीरपणे लिहिले होते. त्यांच्याकडेही पुराव्याचीच मागणी झाली.

टिळकांना सप्टेंबर १८९७ मध्ये राजद्रोहासाठी दीड वर्षाची शिक्षा झाली. खटल्यातले लेख शिवजयंती उत्सवाच्या निमित्ताचे होते, पण रँडचा खून झाला नसता तर तो खटला त्या दिवसांत उभा राहिला असता का, याची मला शंका आहे. सरकारचे धोरण बदलले ते त्यानंतर. मार्च १८९८ मध्ये मुंबईत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली. सक्ती केली की लोक रोगी लपवतात, प्रेते लपवतात, आणि साथ उलट अधिक पसरते, हे अधिकाऱ्यांच्या हळूहळू ध्यानात आले. मग समजूत घालणे, वैद्य-हकिमांना बरोबर घेणे, हाफकिनची लस ऐच्छिक ठेवणे असा मार्ग निघाला. आपल्या व्हियेगसांनी एकट्याने १८ हजार जणांना लस टोचली असे सांगतात. प्लेगने मात्र पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत देशभरात एक कोटीहून जास्त माणसे नेली.

१८९७ साली हा कायदा गोव्याला लागू नव्हता. आपण पोर्तुगिजांच्या राज्यात. (साथी आपल्याला नव्या नव्हत्याच. जुने गोवे ओस पडले तेच मुळी रोगराईने.) तो आपल्या दारात आला तो १२३ वर्षांनी. ११ मार्च २०२० रोजी केंद्राने राज्यांना या कायद्याचे दुसरे कलम वापरायला सांगितले, त्याला जोड २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याची. पुढचे आठवते ना? टाळेबंदी लागली आणि गोव्यात पहिले काही दिवस किराणा दुकानेसुद्धा बंद. दूध-पाव कुठून आणायचा, हे हुकूम काढणाऱ्याला सुचले नव्हते. ओरड झाली तेव्हा दुकाने उघडली. गावोगावी लोकांनीच वाटा अडवल्या. जूनमध्ये वास्कोचा मांगोर हिल बंद केला, तेव्हा सगळे वास्को बंद करा, असे तिथले लोकच म्हणत होते आणि सरकार नको म्हणत होते! म्हणजे लोकांना निर्बंध नको असतात असे काही नाही. पुण्यातही ते तसे नव्हते.

खरी परीक्षा झाली मे २०२१ मध्ये. बांबोळीच्या गोमेकॉत पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान रुग्ण दगावत होते. ११ मे रोजी एकाच पहाटे २६ जण गेले, चार दिवसांत आकडा सत्तरीपार. प्राणवायू कमी पडतो, असे निवासी डॉक्टर सांगत होते. आरोग्यमंत्री म्हणाले तुटवडा आहे, उच्च न्यायालयाने चौकशी करावी. मुख्यमंत्री म्हणाले साठा पुरेसा आहे, तो खाटेपर्यंत वेळेत पोचत नाही. दोघे एकाच मंत्रिमंडळातले! न्यायालयात सरकारने सांगितले की सिलिंडरच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने ओढून आणून जोडताना दाब खाली जातो. ज्याच्या घरचे माणूस त्या पहाटे गेले, त्याला या दोन स्पष्टीकरणांतला फरक कोणी समजावून सांगावा?

वकिलांच्या संघटना आणि इतरांच्या याचिकांवर उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १२ मे रोजी आदेश दिला की प्राणवायूअभावी एकही रुग्ण दगावता कामा नये, हे राज्याने पाहायचे आहे. आधार घेतला घटनेच्या २१ व्या कलमाचा, जगण्याच्या हक्काचा. साथरोग कायद्याचा आधार घेताच आला नसता, कारण त्या चार कलमांत तसे काही नव्हतेच. पुण्याच्या माणसाजवळ १८९७ साली हे २१ वे कलम नव्हते. आपल्याजवळ होते. फरक पडला तो तेवढाच, पण तो लहान नाही.

तरीही नावाचा वाद सुटला नाही. २० जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले की प्राणवायूच्या अभावी मृत्यू झाल्याची नेमकी नोंद राज्यांनी कळवलेली नाही. कागदावर कोविड, न्यूमोनिया, श्वसन बंद पडणे असली कारणे होती. व्हियेगसांच्या वेळी रोगाला नाव द्यायला सरकार बिचकत होते. आता रोगाला नाव होते, मरणाच्या कारणाला नव्हते.

मूळ कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणाऱ्याला कडक शिक्षा ठरली, आणि ती गरजेचीच होती. रुग्णाच्या बाजूने मात्र एक ओळ आली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपला २८६ वा अहवाल याच कायद्यावर दिला. त्यात कायद्यातल्या उणिवा भरून काढा किंवा नवा सर्वंकष कायदा करा, असे सुचवले आहे. तो अहवाल मराठीत कोणी आणला तर आपल्या वाचनालयांत ठेवण्याजोगा आहे. निदान चौथ्या कलमापाशी तरी वाचणाऱ्याने जरा थांबावे.