गिरणीचा भोंगा आणि अफूची बाळगोळी (थ्रेड)

१/ शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत गिरणीचा भोंगा होण्याआधी कित्येक कामकरी माता आपल्या तान्ह्या मुलाला एक बारीक गोळी चाटवीत. तिचे नाव बाळगोळी. तिच्यातील मुख्य द्रव्य होते अफू.

२/ १९२२ मध्ये डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांचा गिरणी कामगार स्त्रियांविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. या स्त्रियांच्या १०० पैकी ९८ अर्भकांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदविले.

३/ अफूने मूल गुंगते. त्याला भूक लागत नाही, म्हणून ते रडत नाही. पण दूधही पीत नाही. बद्धकोष्ठ होते, अंग झडते. मात्रा चुकली तर श्वास मंदावून ते दगावते.

४/ मग माता असे का करीत? १९२२ च्या कारखाना कायद्यानेही दिवसाला ११ तास काम चालत असे. बाळंतपणाची भरपगारी रजा नाही, घरी मूल सांभाळणारे कोणी नाही. अफू मात्र सरकारी परवान्याच्या दुकानात राजरोस मिळे आणि तिच्यावरील महसूल सरकारच्या तिजोरीत जाई.

५/ हे केवळ हिंदुस्थानात घडत होते असेही नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणी वस्त्यांत ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित औषध मुलांना पाजले जाई. देश निराळा, धर्म निराळा; गिरणी मात्र तीच.

६/ मातांना अडाणी ठरवून प्रश्न सुटणार नव्हता. काही गिरण्यांनी पाळणाघरे उघडली. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जोरदार पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये कायदा झाला. बाळंतिणीला रजा आणि रजेच्या काळात पैसे मिळणे हा आता तिचा हक्क ठरला.

७/ पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. मुलाला ठेवायला जागा आणि आईला उसंत मिळाली, तरच गोळीची गरज सरते, हे या कायद्यांमागील शहाणपण.

८/ परंतु कायद्याला सीमा असते. तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबईचा कायदा तेथे लागू नव्हता. १९६१ चा केंद्रीय प्रसूती लाभ कायदा आला, तोही मुख्यतः कारखाने, खाणी व मळे यांच्यासाठी. शेतात खुरपणारी किंवा ऊसतोडीला जाणारी बाई त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

९/ गावाकडच्या बाईचे व्यसन निराळे: मशेरी. तंबाखूचे पान तव्यावर भाजून केलेली ही पूड दात घासण्याच्या निमित्ताने हाती येते आणि मग सुटत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात मशेरी व तत्सम तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले.

१०/ अशा बाईच्या दारापर्यंत कोण पोहोचते? तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच स्त्रियांना आरोग्याचे प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ घडविल्या. १९७५ पासून अंगणवाडी आणि २००५ नंतर आशा कार्यकर्ती याच वाटेने घरोघरी गेल्या.

११/ बाहेरच्याने ‘मशेरी सोड’ म्हटले की बाई मान खाली घालते आणि डबी लपवते. तेच शेजारची बाई पोषण, रक्तक्षय, वजन यांच्या बोलण्यातून विचारते, तेव्हा ती खरे सांगते. खरे कळल्याविना उपाय सुरू होत नाही.

१२/ बाळगोळी मातेच्या दुष्टपणातून आली नव्हती. ती तिच्या एकटेपणातून आली होती. म्हणून इतिहास वाचताना ‘तिने असे का केले’ या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: त्या वेळी तिच्याजवळ कोण होते? (समाप्त)