परवानगीची वाट, वहिवाट नव्हे : आयर्लंडमधील ग्रीनवे

मोटार वाहनांना पूर्ण मज्जाव असलेली, केवळ सायकलस्वार आणि पादचारी यांच्यासाठी राखलेली वाट म्हणजे ग्रीनवे. फ्रान्सच्या बरगंडी प्रांतात जिव्ही ते क्लुनी हा बंद पडलेला रेल्वेमार्ग १९९७ मध्ये अशा वाटेत रूपांतरित झाला आणि पुढे त्या देशात खेडोपाडी सायकलने हिंडण्याची एक संस्कृतीच रुजली. आयर्लंडने ही कल्पना उशिरा उचलली. परंतु येथील ग्रीनवेंचा इतिहास पाहिला, तर तो सायकलींचा कमी आणि जमिनीच्या मालकीचा अधिक आहे. कोणती वाट कोठे सुरू होते आणि कोठे अचानक संपते, याचे उत्तर बहुधा नकाशात नव्हे, तर जमिनीच्या कागदपत्रांत सापडते.

आयर्लंडच्या ग्रामीण भागात मोटारींपासून अलग वाटेची गरज का भासते, हे तेथे एकदा सायकल चालवलेल्याला सांगावे लागत नाही. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडी, वळणापलीकडचे काही दिसत नाही आणि पायी चालण्यासाठी कडेला जागाच नसते. अशा स्थानिक ग्रामीण रस्त्यांवरील सर्वसाधारण वेगमर्यादा ७ फेब्रुवारी २०२५ पर्यंत ताशी ८० किलोमीटर होती. त्या दिवशी ती ६० वर आणण्यात आली. तरीही मुलाबाळांना घेऊन सायकलने निघावे, अशी ही जागा नव्हे.

जुना रेल्वेमार्ग सायकलीला सोयीचा ठरतो, कारण वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे. म्हणून टेकडी दिसली की ती कापायची आणि दरी आली की भराव घालायचा किंवा कमानींचा पूल बांधायचा, असे ते बांधकाम असे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे ते कष्ट आज सायकलस्वाराच्या गुडघ्यांच्या कामी येतात. (आयरिश रुळांमधील अंतर १६०० मिलिमीटर, म्हणजे भारतीय ब्रॉडगेजच्या १६७६ मिलिमीटरपेक्षा थोडेसेच कमी. त्यामुळे या वाटांची रुंदी भारतीय डोळ्यांना ओळखीची वाटते.)

या चळवळीचा आरंभ पश्चिमेकडील मेयो काउंटीत झाला. वेस्टपोर्टपासून न्यूपोर्ट व मलरॅनीमार्गे अ‍ॅकिलपर्यंतची रेल्वे १८९४-९५ मध्ये सुरू झाली. आयर्लंडचे तत्कालीन मुख्य सचिव आर्थर बालफोर यांच्या काळात, दरिद्री पश्चिम किनाऱ्याला रोजगार आणि बाजारपेठ मिळावी म्हणून सरकारी साहाय्याने जे मार्ग बांधले गेले, त्यांपैकी हा एक. १९३७ मध्ये तो बंद झाला. त्याच्या आयुष्याच्या दोन्ही टोकांना दोन शोककथा आहेत. अ‍ॅकिल बेटावरील तरुण-तरुणी दरवर्षी बटाट्याच्या हंगामासाठी स्कॉटलंडला जात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांप्रमाणेच हे हंगामी स्थलांतर होते. जून १८९४ मध्ये अशा मजुरांना घेऊन निघालेली नाव क्ल्यू उपसागरात उलटली आणि ३२ जण बुडाले. मार्ग औपचारिकपणे सुरू होण्याआधीच त्यांचे मृतदेह रेल्वेने अ‍ॅकिलकडे नेण्यात आले. सप्टेंबर १९३७ मध्ये स्कॉटलंडमधील कर्किंटिलॉक येथे मजुरांच्या निवाऱ्याला आग लागून अ‍ॅकिलचे दहा तरुण मृत्युमुखी पडले. त्यांचे देहही याच मार्गाने, त्याच्या अखेरच्या दिवसांत, घरी आले. लोखंडी चाकांची गाडी पहिल्या आणि शेवटच्या फेरीत प्रेते वाहील, असे भाकीत सतराव्या शतकातील ब्रायन रुआ नामक द्रष्ट्याने केले होते, अशी दंतकथा त्या भागात आजही सांगतात. भाकीत केव्हा रचले गेले याविषयी शंका घेता येईल. मृत्यू मात्र नोंदलेले आहेत.

रेल्वे गेली, रूळ उचलले गेले आणि मार्गाची जमीन लगतच्या शेतकऱ्यांकडे गेली. सत्तर वर्षांनंतर तेथे सायकलवाट करायची, तर काउंटी कौन्सिलपुढे दोनच मार्ग होते : सक्तीचे भूसंपादन किंवा मनधरणी. मेयोने दुसरा पर्याय निवडला. शेतकऱ्यांनी मालकी स्वतःकडेच ठेवून वाटेला केवळ परवानगी द्यायची, असे करार झाले. न्यूपोर्ट ते मलरॅनी हा पहिला टप्पा २०१० मध्ये आणि वेस्टपोर्ट ते अ‍ॅकिल हा सुमारे ४२ किलोमीटरचा संपूर्ण ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे २०११ मध्ये खुला झाला.

येथे मराठी वाचकाला एक शब्द उपयोगी पडेल : वहिवाट. दुसऱ्याच्या जमिनीतून लोक वर्षानुवर्षे जात राहिले, तर त्यातून जाण्याचा हक्क निर्माण होऊ शकतो, हे तत्त्व आयर्लंडच्या कायद्यातही आहे. म्हणून आयरिश शेतकरी अनोळखी माणसाला शेतातून जाऊ देण्यास बिचकतो. इंग्लंडमध्ये सार्वजनिक पायवाटांचे नोंदलेले जाळे आहे. आयर्लंडमध्ये तसे काही नाही. मेयोच्या करारांनी ही भीती नेमकी हेरली. दिली जाते ती परवानगी. तिच्यातून वहिवाट निर्माण होत नाही. दुसरी भीती नुकसानभरपाईची. कोणी पडला, तर दावा कोणावर? १९९५ च्या कायद्याने विरंगुळ्यासाठी जमिनीवर येणाऱ्याच्या बाबतीत मालकाची जबाबदारी बरीच मर्यादित केली आहे : त्याने हेतुपुरस्सर इजा करू नये आणि बेफिकिरी दाखवू नये, इतकीच. या व्यवस्थेचा कमकुवत दुवाही उघड आहे, कारण जी वाट परवानगीवर उभी आहे ती परवानगी काढून घेतली तर तुटते. तरीही विश्वासावर उभा राहिलेला हा प्रकल्पच पुढील सर्व ग्रीनवेंचा जनक ठरला, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही.

आग्नेयेकडील वॉटरफर्डची कथा याच्या उलट. वॉटरफर्ड ते डनगार्वन हा १८७८ चा मार्ग १९६७ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाला, परंतु जमीन सरकारी वाहतूक कंपनीकडेच राहिली. त्यामुळे घरोघरी करार करण्याची गरज पडली नाही आणि ४६ किलोमीटरचा ग्रीनवे मार्च २०१७ मध्ये सलग खुला झाला. बांधकामाच्या दृष्टीने हा सर्वांत देखणा : ११ पूल, तीन उंच कमानपूल आणि सुमारे ४०० मीटरचा बोगदा. बॅलिव्हॉयलचा कमानपूल यादवी युद्धात, १९२२ मध्ये, उडवून देण्यात आला होता. तो १९२४ मध्ये पुन्हा उभा राहिला. मध्यावर किलमॅकथॉमस हे गाव लागते. आयर्लंडमधील अनेक मराठी स्वयंपाकघरांत पोहोचलेल्या फ्लाहाव्हन्स ओट्सची गिरणी येथलीच. पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाने मेयोपेक्षा वॉटरफर्डपासून आरंभ करावा. चढउतार कमी आणि विसाव्याची ठिकाणे अधिक आहेत. लिमरिक काउंटीतील रथकील ते अ‍ॅबीफील हा ४० किलोमीटरचा ग्रीनवे २०२१ पासून सुसज्ज आहे; त्याच्या मागे स्थानिक स्वयंसेवकांनी कित्येक वर्षे जपलेला जुना मार्ग आहे.

कालव्यांचा प्रश्न आणखी सोपा, कारण काठावरची वाट कालव्याबरोबरच बांधलेली असते. तिच्यावरून घोडे नावा ओढीत. १८१७ मध्ये पूर्ण झालेल्या रॉयल कॅनॉलच्या काठाने मेनूथ ते लाँगफर्ड काउंटीतील क्लूनडारा असा १३० किलोमीटरचा ग्रीनवे मार्च २०२१ मध्ये खुला झाला. मलिंगार येथे त्याला जुन्या रेल्वेमार्गावरील अ‍ॅथलोनची वाट मिळते आणि अ‍ॅथलोनला शॅनन नदीवरील सायकलपूल २०२३ मध्ये बांधून झाला. डब्लिनपासून गॉलवेपर्यंत सलग जाण्याचे स्वप्न त्यामुळे नदी ओलांडून पलीकडे गेले.

पण पलीकडे अडले ते पुन्हा जमिनीशीच. अ‍ॅथलोनच्या पश्चिमेस ना बंद रेल्वे उपलब्ध होती, ना कालवा. वाट थेट शेतांमधून आखली गेली. गोठा एका बाजूला आणि कुरण दुसऱ्या बाजूला, अशी चिन्हे दिसताच शेतकरी संघटित झाले आणि २०१५ मध्ये सरकारला हा टप्पा थांबवावा लागला. केरीमधील ग्लेनबे ते रेनार्ड या २७ किलोमीटरच्या वाटेसाठी सक्तीच्या भूसंपादनाला २०२० मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा वाद न्यायालयात गेला. या अनुभवांतून डिसेंबर २०२१ ची आचारसंहिता आली : आधी सरकारी जमीन पाहावी, मग शेतकऱ्याशी संमतीने खरेदी करावी, संमती देणाऱ्याला वेगळे अनुदान द्यावे आणि सक्ती अखेरचा उपाय म्हणून ठेवावी. मेयोची तोंडी विश्वासाची परंपरा आणि केरीची न्यायालयीन कटुता यांच्यामधला हा मार्ग. तो संथ आहे, पण ज्याच्या शेताचे दोन तुकडे होणार त्याच्याशी आधी बोलणे हे वेळेचा अपव्यय मानता येणार नाही. अ‍ॅथलोन-गॉलवे मार्गाची पट्टी २०२२ मध्ये पोर्टुम्ना, गॉर्ट व किनव्हारा या बाजूने नव्याने निश्चित झाली.

प्रवासाच्या दृष्टीने वेस्टपोर्ट, वॉटरफर्ड, मेनूथ, मलिंगार व अ‍ॅथलोन ही सर्व रेल्वेस्थानके आहेत. दूर पल्ल्याच्या गाड्यांत सायकलींच्या जागा मोजक्याच असल्याने आधी आरक्षण करणे इष्ट. हेल्मेटची कायदेशीर सक्ती नाही. अंधार पडल्यावर दिवे मात्र आवश्यक. वाटेत शेतांची फाटके लागतात. उघडलेले फाटक मागे बंद करावे, कारण पलीकडे मेंढ्या असतात. वेस्टपोर्टमध्ये भाड्याने सायकल देणारे छोट्या बसने अ‍ॅकिलला सोडतात आणि स्वार तेथून परत येतो. वारा बहुधा पश्चिमेचा असतो, त्यामुळे या दिशेने निघाल्यास तो पाठीवर येतो.