बाहेरकाठ्याचा हिशोब

अलिबागहून पेणकडे जाताना पोयनाडचा परिसर आला की खाडीच्या बाजूची भातखाचरं सपाट होत जातात. हा खारेपाट. उधाणाच्या भरतीला धरमतरच्या खाडीचं पाणी इथल्या शेतांपेक्षा उंच चढतं. पाणी आणि पीक यांच्यामध्ये असतो फक्त मातीचा एक बांध, बाहेरकाठा. त्यात ठिकठिकाणी उघाड्या बसवलेल्या असतात. ओहोटीला त्यांतून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीला झडप लावून खारं पाणी अडवायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात या बांधाला एका जागी खांड पडली, तरी तोटा शिवारभर पसरतो. खारं पाणी साचलेल्या जमिनीत पुढची काही वर्षं धड भात येत नाही.

म्हणून इथे बांधावरच्या खर्चाचा प्रश्न पोटाचा प्रश्न असतो. अलिबाग तालुक्यात लोकांनी सार्वजनिक पैशांचा जाब विचारण्याचा इतिहास शोधायचा, तर तो याच बांधावरून चालत शोधावा लागतो.

1883 साली छापलेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात शिलोत्री पद्धतीचं वर्णन आहे. खाडीची जमीन बांध घालून ज्याने लागवडीखाली आणली, तो शिलोत्री. बांधाची दुरुस्ती ही त्याची जबाबदारी आणि त्या बदल्यात कुळांनी त्याला बिघ्यामागे ठरावीक धान्य द्यायचं. सरकारचा सारा वेगळा, बांधाचं धान्य वेगळं. बांध फुटला, तर धान्य घेणारा कोण आणि त्याने दुरुस्ती केली की नाही, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असे.

त्याच्या जोडीला होती जोळ. बांध राखण्यासाठी गावाने आपल्यापुरती उभी केलेली ही व्यवस्था. पावसाळ्याआधी घराघरातून माणसं बाहेरकाठ्यावर यायची, खेकड्यांनी पोखरलेली भोकं बुजवायची, खचलेल्या जागी चिखलाचे थर चढवायची. कोणाच्या घरचं माणूस आलं आणि कोणाचं आलं नाही, हे सगळ्यांसमोर असे. माती किती पडली, ते ती टाकणाऱ्यालाच माहीत असे. कामाचा हिशोब कामाच्या जागेवरच होत होता.

त्याच काळात अलिबाग शहरात सरकारी धर्तीचा स्थानिक कारभार रुजत होता. 1864 मध्ये नगरपालिका आली. लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावानंतर 1884 च्या कायद्याने लोकल बोर्डांमध्ये निवडून आलेल्या सभासदांना जागा मिळाली. मात्र मताचा हक्क मालमत्ता आणि कर यांवर ठरत असल्याने खारेपाटातलं कूळ त्या कारभाराच्या बाहेरच राहिलं. रस्त्याला पैसे किती आणि दवाखान्याला किती, हे विचारण्याची जागा त्याला नव्हती.

त्या कुळाने स्वतःची जागा निर्माण केली ती चरी गावात. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 मध्ये चरी आणि आसपासच्या मिळून 25 गावांतल्या कुळांनी खोतांची, म्हणजे गावच्या जमीनदारांची, जमीन कसायचं थांबवलं. संप 1939 पर्यंत चालला. शेतं पडीक ठेवून घरं चालवणं सोपं नव्हतं. लोकांनी मोलमजुरी करून, अर्धपोटी राहून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले आणि 1937 मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. त्याच वर्षी नारायण नागूंनी ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केलं. शेतकऱ्याची तक्रार छापून येऊ लागली, हा खारेपाटासाठी फार मोठा बदल होता.

पुढे कूळकायदा आला, खोती गेली. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनाने कसणाऱ्याला मालकीची वाट मोकळी केली. पण जुन्या जमीनमालकांबरोबर त्यांच्याकडची बांधाची जबाबदारीही सुटली. जमिनीचे तुकडे अनेकांच्या नावावर झाले आणि बाहेरकाठा मात्र सलग राहिला. तो कोणी राखायचा?

सरकारने 1948 मध्येच खार जमिनींसाठी कायदा केला होता आणि त्याखाली विकास मंडळ नेमलं होतं. 1979 मध्ये महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम आला आणि बंदिस्तीचं, म्हणजे बांध-उघाड्यांचं, काम सरकारी खात्याच्या हाती अधिक ठामपणे गेलं. अनेक ठिकाणी याचा खरा फायदा झाला. पक्क्या उघाड्या आणि मोठे बांध एकट्या गावाच्या आवाक्यातले नव्हते. पण योजनांचे दोन वर्ग पडले: सरकारी आणि खासगी. खासगी बंदिस्ती फुटली की दुरुस्तीला सरकारी पैसा मिळवणं अवघड होई आणि सरकारी फुटली की अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा हा क्रम सुरू होई. उधाण कशासाठीच थांबत नाही. दुरुस्ती आपली नाही असं वाटू लागल्यावर जोळही मोडत गेली.

पाणी शिरलं, तिथे कांदळवन वाढलं. कांदळवन किनाऱ्याचं रक्षण करतं आणि माशांना आसरा देतं. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 च्या अंतरिम आदेशाने आणि 2018 च्या निकालाने त्याच्या तोडीवर बंदी घातली, ती योग्यच. पण पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवलेल्या शेतात कांदळ उभं राहिलं, की शेतकऱ्याची परतीची वाट बंद होते. बांध वेळेवर न बांधल्याची किंमत अशी कायमची होऊन बसते. माणकुळे भागातली गणेशपट्टी ही वस्ती तर खाडीच्या पाण्यामुळे उठूनच गेली.

दरम्यान खारेपाटाच्या हाती नवी हत्यारं आली. 73 व्या घटनादुरुस्तीने, 24 एप्रिल 1993 पासून, ग्रामसभेला घटनेत स्थान मिळालं. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राने 2002 मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा आणला आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून तो हक्क केंद्रीय कायद्याने जम्मू-काश्मीर वगळता देशभर लागू झाला. एखाद्या बंदिस्तीवर किती खर्च दाखवला, किती लांबीचा बांध मोजमाप पुस्तिकेत नोंदला, हे आता अर्ज करून विचारता येत होतं आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत होती.

शहापूर-धेरंड परिसरात औष्णिक वीजप्रकल्पांसाठी भूसंपादन सुरू झालं, तेव्हा बांधाच्या हिशोबाचा प्रश्न अधिक धारदार झाला. श्रमिक मुक्ती दल या संघटनेसोबत उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांनी भाताबरोबर जिताडा मासा देणारी तळी पुढे ठेवली. नकाशावर रिकाम्या दिसणाऱ्या जमिनीवर घरं कशी चालतात, ते सांगितलं. जमीन नापीक झाली असेल, तर ती कोणी होऊ दिली, हा प्रश्न त्यात अटळ होता.

शेजारच्या पेण तालुक्यात तर याहून वेगळं घडलं. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या (सेझ) विरोधात प्रा. एन. डी. पाटील आणि इतरांनी चालवलेल्या लढ्यामुळे 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचा कौल घेतला. जमीन द्यायची की नाही, हे सरकारने मतपत्रिका हाती देऊन विचारलं. त्या कौलाचा निकाल सरकारने अधिकृतपणे जाहीर केला नाही. पण संपादनाची मुदत 2009 मध्ये संपली आणि जमिनी शेतकऱ्यांकडेच राहिल्या.

अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयापासून खारेपाटाचा बांध फार लांब नाही. गावकऱ्यांचे अर्ज, ग्रामसभांचे ठराव आणि मोर्चे या अंतरातून वर्षानुवर्षं ये-जा करत आले आहेत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2 मध्ये कागद मागण्याच्या हक्काबरोबर आणखी दोन हक्क आहेत, त्यांच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही: सरकारी कामाची जागेवर जाऊन पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा. म्हणजे बाहेरकाठ्यावर उभं राहून, नव्या भरावाची माती हातात घेऊन, ती बांधाला टिकणारी आहे की नाही हे पाहण्याचा. जोळीला जाणाऱ्या माणसाला हे करायला कायदा लागत नव्हता.