आजोबांची वही आणि प्रश्नचिन्हांची रांग : एचटीएमएल एडिटर निवडण्याआधी

आजचा भाग थोडा कोडचा, बराचसा इतिहासाचा आणि जरासा घरचा आहे. इअरफोन लावून ऐकत असाल तर उत्तम, आणि इथे वाचत असाल तर हा त्याच भागाचा मजकूर.

मागच्या दिवाळीत हिंगणघाटला मामाकडे गेलो होतो. त्याने एक सीडी हातात दिली. म्हणाला, "पाय बरं, तुले उघडते का." आजोबांनी एका वहीत आठवणी लिहिल्या होत्या. कापसाचा बाजार, सेवाग्रामची वाट, पवनारला विनोबांना ऐकायला जाणं, असं सगळं. मामाने २००३ च्या सुमारास त्या टाइप करून त्यांची वेबपानं बनवली होती. पुढे वही वाळवीने खाल्ली. उरली ती ही सीडी.

माझ्या लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नाही, तो बाहेरून आणून जोडला. फाइली उघडल्या. बहुतेक पानांवर इंग्रजी अक्षरांची खिचडी होती. काही पानांवर तर फक्त प्रश्नचिन्हं, ओळीच्या ओळी.

"दादा, वेबपेज शिकायचंय, कोणता एडिटर घेऊ?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. पूर्वी मी एक नाव सांगून मोकळा व्हायचो. त्या सीडीनंतर मी आधी उलटा प्रश्न विचारतो: तो एडिटर तुमची मराठी फाइलमध्ये कशी साठवतो?

चला, जरा मागे जाऊ. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा तो ब्राउझर एडिटरसुद्धा होता. ज्यात वाचायचं, त्यातच लिहायचं. पुढे ब्राउझर वाचण्यापुरते उरले आणि लिहिण्यासाठी वेगळी साधनं आली. त्यांचे दोन पंथ पडले. एक साधा मजकूर एडिटर, ज्यात टॅग आपल्या हाताने लिहायचे, म्हणजे नोटपॅड वगैरे. दुसरा 'दिसेल तसं बनेल' वाला. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये विकत घेतलेलं फ्रंटपेज आणि १९९७ मध्ये आलेलं ड्रीमवीव्हर हे त्यातले गाजलेले. वर्डसारखं टाइप करा, कोड तो लिहील. भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत. म्हणजे आपल्याकडे ही साधनं आणि इंटरनेट जवळपास जोडीनेच आली.

पण मराठीचं काय? इथे जुगाड होता. फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवायची. टाइपरायटरच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये 'एफ' दाबला की वेलांटी यायची, 'डी' दाबला की क. तुम्हाला दिसायचं 'कि', पण फाइलमध्ये साठायचं 'एफ, डी'. म्हणजे फाइलमध्ये मराठी नव्हतीच, तिचा नुसता पोशाख होता. तो फॉन्ट समोरच्याच्या कॉम्प्युटरवर नसला की पोशाख उतरला. म्हणून तर तेव्हाच्या कितीतरी मराठी साइटवर पहिली सूचना असायची, 'आधी हा फॉन्ट डाउनलोड करा'.

उपाय तेव्हा कागदावर तयार होता. भारतीय लिप्यांसाठीचं 'इस्की' हे मानक १९९१ चं, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, तिच्यात देवनागरी होती. पण घरच्या कॉम्प्युटरला ते कळायला वेळ लागला. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय आली, आणि एक्सपीमध्येही ती सुरू करायला सेटिंगमध्ये जाऊन खूण करावी लागायची, वर मूळ सीडी लागायची. त्यामुळे मी मामाला दोष देत नाही. तरी एक गोष्ट बघा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, युनिकोडमध्ये. त्यावरचे जुने लेख आज तुमच्या फोनवर सरळ उघडतात. त्याच सुमाराची मामाची पानं उघडत नाहीत.

यंत्र आणि अक्षर यांचं हे भांडण आमच्या वर्ध्याला नवं नाही. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ मध्ये वर्ध्यात स्थापन झाली. तिची जुनी पुस्तकं कुठे मिळाली तर उघडून बघा. 'इ' च्या जागी 'अि', 'उ' च्या जागी 'अु' छापलेलं दिसेल. ही छपाईची चूक नाही. देवनागरीला खिळे फार लागतात, टाइपरायटरच्या कळा पुरत नाहीत, म्हणून स्वर 'अ' च्या बाराखडीत बसवायचा तो विचार होता. काका कालेलकर लिपिसुधारणेच्या आघाडीवर होते, आणि सावरकरही वेगळ्या वाटेने तेच सांगत होते. यंत्र बदलता येत नाही, तर लिपी थोडी वाकवू, असं त्यामागचं गणित. त्या काळात ते चुकीचंही नव्हतं. पण आज यंत्र वाकू शकतं. मग आपण का वाकायचं?

आता पुन्हा सीडीकडे. खिचडीची पानं मी छोटा प्रोग्राम लिहून परत मिळवली. प्रत्येक इंग्रजी अक्षराच्या जागी योग्य देवनागरी अक्षर टाकायचं, इतकंच, असं मला वाटलं होतं. पहिल्याच पानावर 'वर्धा' चं 'वधार्' झालं! कारण जुन्या फॉन्टमध्ये रफार 'धा' च्या नंतर टाइप होतो, तर युनिकोडमध्ये 'र्' आधी येतो. वेलांटीचं नेमकं उलटं. ते सगळं जागेवर आणायला तीन रात्री गेल्या. पण मजकूर मिळाला.

प्रश्नचिन्हांची पानं मात्र मिळाली नाहीत. मामाने नंतर काही पानं युनिकोडमध्ये नव्याने टाइप केली होती आणि सेव्ह करताना जुना 'ॲन्सी' प्रकार राहून गेला होता. इंग्रजीत एक सूचना आली होती, ती त्याने ओके केली. कोणता एडिटर होता, हे त्याला आता आठवत नाही. त्या जुन्या प्रकारात देवनागरीला जागाच नसते, म्हणून प्रत्येक अक्षराच्या ठिकाणी खरोखरचं प्रश्नचिन्ह साठतं. त्यामागे काही लपलेलं नसतं. पवनारची चार पानं तिथेच गेली.

म्हणून एडिटर निवडताना माझ्या चार तपासण्या, फोनवर असो की लॅपटॉपवर.

पहिली: तो यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतो का, आणि तसं स्पष्ट दाखवतो का? व्हीएस कोड आणि नोटपॅड++ खालच्या पट्टीत दाखवतात. विंडोजच्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ आपोआप निवडलेलं असायला २०१९ उजाडलं, त्यामुळे जुन्या मशीनवर स्वतः निवडा.

दुसरी: पानाच्या हेडमध्ये मेटा चारसेट यूटीएफ-८ लिहा. 'वर्धा' हा शब्द दिसतो दोन अक्षरांचा, पण युनिकोडमध्ये त्याचे पाच संकेत आणि यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट होतात. ते कसे वाचायचे, हे ब्राउझरला सांगावं लागतं.

तिसरी: 'वऱ्हाड', 'आर्वी', 'ॲप' हे तीन शब्द टाइप करा, सेव्ह करा, बंद करा, दुसऱ्या फोनवर उघडा. वऱ्हाडातला ऱ्ह नीट आला, आर्वीतला रफार जागेवर राहिला, तर पुढे जा.

चौथी: फाइल दुसऱ्या कुठल्याही एडिटरमध्ये उघडते का? फ्रंटपेज २००६ च्या सुमारास बंद झालं. एडिटर जातात, साधी फाइल राहते.

या चारही पार झाल्या, तर रंग, थीम, सूचना देणारा एआय, हे सगळं तुमच्या आवडीवर.

वाचलेली पानं मी मामाच्या फोनवर पाठवली. त्याने चष्मा लावून मामीला मोठ्याने वाचून दाखवली. मग म्हणाला, "पवनारचं मले थोडं आठवते, तू लिहून घे." पुढच्या महिन्यात जातोय. यूटीएफ-८ मध्ये लिहून घेईन, आणि एक प्रत कागदावरही ठेवीन.

तुमच्या घरी अशी एखादी सीडी पडली असेल, तर या रविवारी काढून बघा. भेटू पुढच्या भागात!